पाड्यावरची मुलं नंतर बोलवा, असं मी म्हणालो

मंडळी, आज मी जे वागलो त्याची लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

सकाळी शहाद्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. कोरोनामुळे बंद असलेली शाळा कशी उघडायची, ते ठरवायचं होतं. मी उभा राहून म्हणालो, "सर, आधी गावातली मुलं बोलवा. वर पाड्यांवरची पंधरा दिवसांनी. तिकडे तपासणी कोण करतं?"

"तुन्हं बराबर शे, भाऊ," शेजारचे पालक म्हणाले. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

तेव्हा मागून एक बाई उठली. सभेसाठी ती सातपुड्यातल्या पाड्यावरून आली होती. हात जोडून म्हणाली, "सर, आमच्याकडे मोबाइल चालत नाही. माझी पोरगी वाचायचं विसरत चालली. वर्गात नको तर ओट्यावर लांब बसवा, पण सगळ्यांसोबत येऊ द्या."

ती चिडली असती तर मी वाद घातला असता. पण ती विनवत होती. आणि आजार तर आमच्याच गल्लीत होता, माझ्या घरातही येऊन गेला होता. तरी मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही. माझी सूचना मंजूर झाली.

दुपारी न राहवून मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "आता बदलायचं तर पुन्हा सभा घ्यावी लागेल."

"घ्या. मीच बोलतो," मी म्हणालो.

आता पुन्हा सभा होईल, ती बाईही येईल. तुम्ही माझ्या जागी असता, तर सगळ्यांसमोर तिला काय म्हणाला असतात?