पाहुण्यांना घाट दाखवताना

आमच्या गावात पाहुणा आला की चहाआधी त्याला नदीवर नेतात. बाकी दाखवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. सूतगिरणी बंद पडली, थिएटरला कुलूप आहे. घाटाच्या एका बाजूला मात्र आता नवी फरशी, नक्षीदार दिवे आणि एक महागडा कॅफे आला आहे. दुसऱ्या बाजूचं गटार अजून उघडंच आहे.

काल संध्याकाळी मी इस्त्रीचे कपडे आणायला गेले, तर घाटाजवळची मंगलची टपरी रिकामी. ती लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांना घाट दाखवत होती.

"असे दिवे तुमच्याकडं नसतील बघा, विहीणबाई!"

कॅफेच्या पार्किंगसाठी मंगलची टपरी दिवाळीनंतर हटवणार आहेत. तशी नोटीस टपरीवरच चिकटवली आहे. त्या नोटिशीवर काल एक साडी टांगलेली होती.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "अगं, ज्यांच्यामुळे टपरी जाणार, त्यांच्याच दिव्यांचं कौतुक?"

"घाट काय त्यांनी आणलाय, ताई? नुसते दिवे लावलेत. आणि पाहुण्यांसमोर गावाची अब्रू काढू होय?"

गावाचा अभिमान नेमका कशाचा असतो, मला अजून कळलेलं नाही. त्या गावात आपल्याला जागा उरणार नाही हे कळल्यावरही तो टिकतो, एवढं दिसलं.

मंगलने नोटिशीवरची साडी काढली आणि टेबलावर पसरली. नव्या दिव्याचा उजेड थेट तिथेच पडत होता.

"एवढं मात्र बरं झालं," इस्त्री उचलत ती म्हणाली, "आता एक सुरकुती लपत नाही."