लागू न पडलेल्या औषधाचा भोंगा

वडशाच्या वारलूभाऊला साधं बोलता येत नाही. हा त्याचा दोष नव्हे, धंदा आहे. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरतात, गावोगाव नाटकं होतात, आणि त्या नाटकांचा भोंगा घेऊन वारलूभाऊ जीपमधून हिंडतो. "हृदयाला पाझर फोडणारं, कौटुंबिक, तीन अंकी" हे शब्द त्याच्या तोंडून असे निघतात की धान कापणारा माणूस विळा हातात तसाच धरून उभा राहतो. नाटक कसं का असेना, वारलूभाऊने पुकारलं की मंडप भरतो. घरी आशाबाईकडे, म्हणजे बायकोकडे, भाजी मागायची तरी हा आधी छातीत श्वास भरून घेतो. शेजारची म्हैस कान टवकारते.

एकदा जवळच्या एका ग्रामपंचायतीने त्याला नळाला पाणी येणार नाही असं पुकारायला सांगितलं. त्याने ते इतक्या रंगात पुकारलं की अर्ध्या गावच्या बाया गुंड-हंडे घेऊन नळावर हजर. तेव्हा आम्ही टपरीवरचे लोक पोट धरून हसलो होतो.

वारलूभाऊला एकच मुलगी, दिव्यानी. शाळेतून येताना ती मधेच पडायला लागली, मग जिना चढेना, मग चालेना. डॉक्टरांनी रोगाचं जे नाव सांगितलं ते वारलूभाऊलाही एका दमात घेता येईना, यावरून रोग किती दुर्मिळ ते ओळखा. त्यावर औषध नव्हतं. पुढे नागपूरच्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली आणि दिव्यानीची त्यात निवड झाली. त्या दिवशी वारलूभाऊने अख्ख्या टपरीला चहा पाजला.

बापलेक कितीतरी महिने नागपूरला जात राहिले. इंजेक्शन झालं की उलट्या, उलट्या थांबल्या की पुन्हा इंजेक्शन. सुरुवातीला दिव्यानी आपल्या हाताने जेवायची. शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत जाईना. मग एक दिवस चाचणी बंद झाली.

तिथल्या डॉक्टर दीपाली मॅडमनी त्याला समोर बसवून खरं ते सांगितलं. कुणाही मुलाला गुण आला नव्हता. उलट औषध घेतलेल्या मुलांचे हात, तुलनेसाठी औषध न देता ठेवलेल्या मुलांच्या आधीच गेले होते. वारलूभाऊने विचारलं, हे बाकीच्या लोकांना कसं कळणार? मॅडम म्हणाल्या, कळणार नाही. निकाल कंपनीकडे, कंपनी ते छापत नाही, आणि मीही बाहेर न बोलण्याच्या करारावर सही करून बसले आहे. उद्या दुसरं कुणीतरी हेच औषध नव्याने करून बघेल, दुसऱ्या मुलांवर.

झाडीपट्टीच्या माणसाच्या हे पचनी पडणं कठीण.

"म्याडम, आमच्या इकडे नाटक आपटलं त सकाळच्या चहाले आरमोरीपासून नागभीडपर्यंत समजते," वारलूभाऊ म्हणाला. "दुसऱ्या गावचे लोक बुकिंग करत नाई. औषध आपटलं त काऊन कोनाले सांगत नाई?"

मॅडम म्हणाल्या, "मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. मुलगी तुमची आहे."

वारलूभाऊने ते मनावर घेतलं. आपल्या पोरीचे हात गेले, आता त्या औषधापायी दुसऱ्या कुणाच्या पोराचे जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्या हिवाळ्यात तो दोन नाटकांच्या मधे औषधाचं पुकारू लागला. सांगायचं होतं ते साधंच. औषध आमच्या मुलीला लागू पडलं नाही, त्रासच झाला, कुणी तुमच्या लेकराला देऊ केलं तर आधी मला भेटा. पण हातात भोंगा आला, मागे पेटी वाजू लागली, की त्याच्या गळ्याचा इलाज नसे. "मायबाप रसिकहो, सातासमुद्रापलीकडून आलेलं" अशी सुरुवात व्हायची. मग औषधाचं नाव नायिकेचं घ्यावं तसं आळवून आळवून. 'लागू पडलं नाही' येईस्तोवर जीप वळणापलीकडे गेलेली असायची.

आशाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवून विचारलं, "तुमी पोरीचं दुःख सांगून राह्यले का तिकिटं इकून राह्यले?"

वारलूभाऊ दुखावला. लोक ऐकतात हे काय कमी आहे, म्हणाला.

लोकांनी ऐकलं होतं. आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या गावात राहणारा सुकलू कुरखेड्याला बहिणीकडे मंडईला आला होता, त्याने ऐकलं. पत्ता विचारत तो वडशाला आला. पाठीवर मुलगा, मुलाचे पाय लोंबकळत होते. अंगणात त्याला अलगद टेकवून सुकलूने विचारलं, ते औषध कुठी भेटते?

वारलूभाऊने समजावलं. भोंगा नाही, पेटी नाही, आणि अशा वेळी त्याचा आवाज म्हणजे हवा गेलेली ट्यूब. सुकलू शेवटपर्यंत मान हलवत राहिला आणि मग म्हणाला, "भाऊ, लपवू नका. कामाची चीज नसती त तुमी गावोगाव कायले पुकारली असती?"

वारलूभाऊने त्याला सरळ घरात नेलं. दिव्यानी भिंतीला टेकून बसली होती, आशाबाई तिला भरवत होती. पोरीचे हात गेले तरी जीभ बापाचीच आहे.

"काका, बाबाचं सोडा," ती म्हणाली. "ते पडेल नाटकालेही हाऊसफुल म्हंतात. मले इचारा. औषधाच्या आधी मी माह्या हातानं जेवत होती."

सुकलूने तिच्याकडे नीट पाहिलं. वय विचारलं. चौदा, असं कळल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"माह्या मोठ्या पोरालेही हेच होतं," तो आशाबाईला म्हणाला. "तो आठाच्या वर गेला नाई. हे त चौदाची झाली. औषध लागलं, बाई."

आशाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. औषध न घेतलेली मुलंही चौदाची झाली होती, पण त्यांची नोंद कंपनीच्या कपाटात होती. सुकलूच्या डोळ्यांपुढे एकटी दिव्यानी.

वारलूभाऊने शेवटचा उपाय म्हणून मॅडमना फोन लावला, अर्थात स्पीकरवर, दुसरी पद्धत त्याला ठाऊकच नाही. मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, बरं झालं फोन केलात, हैदराबादला दुसऱ्या एका कंपनीने तेच औषध नव्या नावाने चाचणीला घेतलंय, त्यांना आधीचं काही माहीत नसावं, आणि दाखवायला माझ्या हातात कागद नाही.

सुकलूने त्यातलं हैदराबाद तेवढं उचललं. त्याचा मेहुणा सिरोंच्याला होता, तिथून हैदराबादची गाडी मिळते. त्याने मुलाला पाठीवर घेतलं. आशाबाईने सोबत मुरमुरे बांधून दिले, दुसरं काय देणार होती?

फाटकाशी सुकलू थांबला. "भाऊ, हा उभा झाला ना, त आमच्या गावात तुमीच येऊन पुकारा."

वारलूभाऊ हो म्हणाला. पण इतक्या हळू की सुकलूला पुन्हा विचारावं लागलं.