बाकावरची ओळ

वेगवान गोलंदाज पुष्कळ झाले आणि पुढेही होतील, पण चेंडू टाकायला धावत यायचं म्हणून आधी पार कुंपणापर्यंत चालत जाणारा एकच होता. त्याला सगळे इंजिन म्हणत. उंच, हाडापेराने थोराड, दिवसभर वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्यांशी झुंजणारा हा माणूस हातात चेंडू आला की पाठ फिरवून चालू लागे. नवखा फलंदाज मग शिंप्याला विचारायचा, हा घरी निघाला की काय?

शिंपी म्हणजे त्या संघाचा किपर. इंजिनचे चेंडू अडवून अडवून त्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. सुईत दोरा ओवून देताना बायको म्हणायची, ही इंजिनभावजींची कृपा.

इंजिनचा चेंडू अंगावर यायचा, हे खरं. पण कुणाला लागला तर चेंडू थांबायच्या आत इंजिनच त्याच्यापाशी पोचायचा. एकदा तो असाच एकाची बरगडी चाचपत बसला, आणि तो बरगडीवाला हातातून निसटून एक धाव पळाला. शिंप्याने हातमोजे आपटले. तुला गोलंदाज व्हायचंय की नर्स, ते एकदा ठरव, म्हणाला.

असा हा गडी कर्णधार म्हणून कितीतरी वर्षं खेळला आणि केस पिकल्यावर थांबला. मैदानाच्या कडेला त्याच्या नावाचं बाक ठेवायचं आणि पाठीवर एक ओळ कोरायची, असं क्लबने ठरवलं. सेक्रेटरी म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. त्याने 'वेगाचा बादशहा' असं सुचवलं. लोक म्हणाले, हे खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं. मग ओळीचं काम शिंप्यावर आलं. जन्मभर तूच त्याला समोरून येताना पाहिलंयस, तूच सांग तो कसा होता.

शिंप्याला वाटलं, हे काय, हातचा मळ. पण ओळ काही येईना. मशीन चालवताना दहा ओळी सुचायच्या आणि दहाही त्या फायनलपाशी येऊन उसवायच्या.

त्या फायनलला शेवटची ओव्हर उरली होती. इंजिन दमला होता. संघातला सुतार दुपारपासून फिरकी टाकत होता आणि समोरच्यांना त्याने जखडून ठेवलं होतं. शिंपी स्टंपांपासून पळत गेला, सुताराला दे म्हणाला. इंजिनने मान वर केली नाही. स्वतःच धावत आला, आणि त्याचा चेंडू कुंपणापलीकडे गेला. कप गेला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर इंजिनचं कौतुक निघालं की शेवटी एक 'पण' यायचाच.

सुतार त्याबद्दल कधी बोलला नाही. पुढेही खेळत राहिला. फक्त इंजिनने चेंडू पुढे केला की म्हणायचा, ठेव तिथं. आणि जमिनीवरून उचलून घ्यायचा. आता तेच बाक सुतार बनवत होता, आणि ओळही त्याच्याच पटाशीने कोरायची होती.

एका संध्याकाळी इंजिन पँट घेऊन दुकानात आला. कंबर सैल करून हवी होती. शिंप्याने टेप टाकला, पोटाला नावं ठेवली. इंजिन हसला नाही. कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत त्याने विचारलं,

"सुतार काय म्हणतो माझ्याबद्दल?"

"तो कुठं बोलतो? लाकूड तासतो." शिंप्याने टेप गुंडाळला. "मीच विचारतो. का नाही दिलास चेंडू त्याला?"

इंजिन स्टुलावर बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीपाशी आले.

"भीती वाटली रे," तो म्हणाला. "वाटलं, त्याने जिंकून दिली तर मग मी कोण?"

लोक त्याला गर्विष्ठ म्हणत होते, आणि शिंपीही मनातल्या मनात तेच म्हणत आला होता. आता समोर बसलेला हा एवढा मोठा माणूस त्याला शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा दिसला. शिंप्याने कात्री खाली ठेवली. हे मला सांगून काय उपयोग, म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढलं.

सुतार रंधा मारत होता. बाक जवळजवळ झालं होतं, फक्त पाय जोडायचे राहिले होते. दोघांना दारात बघून त्याने रंधा थांबवला नाही. इंजिन ढलप्यांत उभा राहिला. वाटेत शिंप्याने पढवलेलं सगळं तो विसरला होता.

"त्या दिवशी चेंडू तुला द्यायला हवा होता," तो म्हणाला. "मी घाबरलो."

सुताराने रंध्यात अडकलेली ढलपी काढली, फुंकर मारली.

"हवा होता," तो म्हणाला. "कदाचित मीही मार खाल्ला असता. पण माझा मी खाल्ला असता."

"हो."

"बस्स, एवढंच ऐकायचं होतं." मग त्याने शिंप्याकडे पाहिलं. "याचं गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप काय? पाय कापायचे राहिलेत."

शिंप्याला ते माप तोंडपाठ होतं. त्याने सांगितलं तसं सुताराने पेन्सिलने खूण केली, तिच्यावर करवत लावली, आणि लाकडाचं दुसरं टोक धरायला इंजिनला जवळ बोलावलं. ओळीचा विषय पुढं कुणी काढला नाही. पाठीवर नुसतं नाव कोरायचं ठरलं, तेही सुतारानेच ठरवलं.

ते बाक आजही तिथं आहे, आणि भलतंच उंच आहे. बसणाऱ्याचे पाय लोंबकळतात. औषधवाल्याला तर त्यावर उडी मारून चढावं लागतं. नवीन माणूस हमखास विचारतो, हे असं कुणाच्या मापाने केलंय? मग जवळ जो असेल तो सांगू लागतो, बरगडीपासून फायनलपर्यंत सगळं. सुतार जवळ असला तर तो सांगतो, आणि तो सांगतो तेव्हा त्यात 'पण' येत नाही.