अजून माडावर असलेला नारळ

सुभद्रा मासे विकायची. बांगडा ताजा नसेल तर गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायची, उद्या ये. त्यामुळे बाजारात तिची पाटी सगळ्यांच्या शेवटी रिकामी होई.

त्या वर्षी छोट्या जाळ्यांचे मच्छीमार आणि मोठ्या यांत्रिक होड्यांचे मालक यांच्यात जुंपली. दोघेही एकाच गावचे. एका सकाळी बंदरावर काठ्या निघाल्या. सुभद्रेचा नवरा सुदेश जाळीवाला. तो हाती लागला नाही, म्हणून होडीवाल्या तिघांनी तिला धरलं, भर बंदरावर तिचं लुगडं फेडलं आणि तिच्या अंगाशी झोंबले. पोलिसांनी आधी नुसती मारामारी लिहिली. ती तीनदा गेली, तेव्हा उरलेलं लिहिलं गेलं.

पावसाळ्याआधी गावाने समेट केला. गावचा मानकरी बाबली गावकर याने देवळात देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला आणि दोन्ही बाजूंना खोबरं वाटलं. खोबरं खाल्लं की भांडण मिटलं, ही गावची रीत. सुभद्राही रांगेत होती. तुकडा हातावर पडला तसा तिने तोंडात टाकला. घरी पोचेपर्यंत तिचा खटलाही मिटल्याचं गावभर झालं होतं. सुदेश म्हणाला, "आता सोड गो."

तिने सोडलं नाही. सरकारी वकील अनुजाबाईंनी तिला सांगितलं, या गुन्ह्यात तडजोड कायद्याला चालत नाही. पण कोर्टात खोबऱ्याचं विचारतील.

विचारलं. आरोपींचे वकील फार अदबीचे होते. प्रसाद घेतलात ना, एवढंच त्यांनी विचारलं.

"घेतलंय," सुभद्रा म्हणाली. "देवाचो परसाद कोण नाकारता? पण तो नारळ जाळ्यांच्या भांडणाचो. माझ्या अंगाक हात घातल्यानी, त्याचो नारळ अजून माडार आसा."

न्यायाधीशबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. तिघांना शिक्षा झाली. अपील चालू आहे.

शिक्षेच्या पुढल्या वर्षी मासळी बाजारातल्या जागांवरून भांडण झालं आणि पुन्हा समेट ठरला. बाबलीने नारळ उचलला आणि थांबला. चाळीस वर्षांत तो कोणासाठी थांबला नव्हता. बायकांच्या रांगेकडे बघत त्याने विचारलं, कोणाचं काही राहिलंय का. रांगेतल्या बायका सुभद्रेकडे वळल्या.

"नाय," सुभद्रा म्हणाली. "फोडा आता, काकानू."