दामूची छाती धडधडली तेव्हा

काश्मीरमध्ये एलओसीवर आमची पोस्ट होती. मी लान्स नायक, गाव मासवण. दामू माझा बडी, म्हणजे जोडीदार, गाव घिवली. एक झोपला की दुसऱ्यानं जागायचं. पालघरकडचे आम्ही दोघंच, त्यामुळे मोर्चाही, म्हणजे पहाऱ्याचा बंकरही, एकच मिळाला.

लोक विचारतात, भीती वाटायची का. वाटायची, नाहीतर काय! पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, निघायच्या आधी मला ओकारी यायची. छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे आणि आता आपण ढेपाळणार याचीच धास्ती बसायची. जेवण जाईना, झोप येईना. युनिफॉर्म अंगावर लोंबायला लागला.

सुभेदार साहेबांनी एकदा मला ओकताना पाहिलं.

"बीमार नहीं है तू. दिल तेज़ चलता है ना? बदन तैयार हो रहा है. चलने दे."

औषध नाही, गोळी नाही, एवढंच. पुढच्या पेट्रोलला धडधड आली तशी मी मनात म्हटलं, तयारी सुरू झाली. धडधड थांबली नाही, पण तिची धास्ती गेली. मी जेवू लागलो, झोपू लागलो. दामूनं तर ते बोलणं पक्कं धरलं. रेडिओवर "ऑल ओके, ओव्हर" म्हणून सेट खाली ठेवायचा आणि मला सांगायचा, "तयारी जोरात हाय रे!" फायरिंगमध्ये सापडलो त्या दिवशी तो हेच म्हणत नेम धरत राहिला. त्या शिकवणीनं आम्ही दोघं जिवंत घरी आलो. हे मी आजही नाकारत नाही.

पेन्शनीत निघाल्यावर दोघंही बोईसरला एका केमिकल कंपनीत सिक्युरिटीला लागलो. मी सुपरवायझर, तो मेन गेटवर. मे महिन्यातली सकाळची शिफ्ट होती. दामू पंख्याखाली बसूनही घामानं निथळत होता. चहावर साय धरली होती.

"काय रे?"

"काय नाय. तयारी."

"कसली डोंबलाची तयारी? इथे काय लढाई आहे? चल दवाखान्यात."

"सिक रिपोर्ट? आमी? जा, तुजा राउंड मार."

आमच्या पलटणीत सिक रिपोर्ट करणारा, आजारी म्हणून डॉक्टरकडे जाणारा, म्हणजे कामचोर. ती लाज त्याच्या हाडात मुरली होती. मी केबिनमध्ये जाऊन गाडीसाठी फोन उचलला, तेवढ्यात सायरन झाला. सॉल्व्हंटच्या ड्रमनं पेट घेतला होता.

मी वॉकीटॉकी घेतला. "मेन गेट, गेट खुला रखो. सबको बाहर निकालो. ओव्हर."

"गेट खुला. ओव्हर." आवाज अगदी साफ होता.

सगळे कामगार सुखरूप बाहेर पडले. आग विझली. मी पुन्हा बोललो, "मेन गेट, रिपोर्ट." एक कामगार धावत आला. "साहब, चाचा गिर गए!"

दामू गेटला पाठ लावून बसला होता. गाडीत घातला, पण वाटेतच संपला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. कधीपासून दुखत होतं, असं त्यांनी विचारलं.

ते घिवलीला गेल्यावर कळलं. दामूची बायको कुंदावहिनी म्हणाली, "चार दिवस छाती चोळत होते, भावजी. मी सांगितला, डॉक्टरकडं चला. तर मलाच शिकवायचे, अगं, तयारी हाय ती."

मला भयंकर राग आला. दामूचा आला, सुभेदार साहेबांचा आला, स्वतःचा आला. त्याच एका वाक्यानं मला माणसात आणलं आणि त्यानंच माझा बडी नेला. आता जिना चढताना माझीही छाती धडधडते. ही तयारी की दुखणं, हे मला ओळखता येत नाही. विचारायला जवळ तोही नाही.

दहाव्याला पुन्हा गेलो. वहिनी ओटीवर बसली होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "भावजी, एक विचारू? कधी घाबरायचा, ते तुमच्या फौजेत कुनी शिकवत नाय का?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.