मागची खोली

खमरिया या फॅक्टरीच्या वसाहतीतल्या गीताबाईंचा एक कायदा होता. ज्या दारी वर्गणी मागायची, तिथल्या अडचणीला आधी हात लावायचा. बुद्धविहारात मुलींसाठी अभ्यासिका बांधायची म्हणून विहाराची मंडळी निधी गोळा करायला खमरियाशी मैत्रीचा करार केलेल्या, थेट फ्रान्समधल्या जोडगावाला गेली, तेव्हाही हा कायदा त्यांनी घरी ठेवला नाही.

मंडळी तिथल्या सभागृहात पोचली तर खुर्च्या रिकाम्या. नुकताच नदीला पूर येऊन गेला होता आणि सगळं गाव शाळेतला गाळ उपसायला गेलं होतं. विहार समितीचे अध्यक्ष बाबाराव यजमानांसाठी आणलेले हार सांभाळत, पाठ केलेलं भाषण पुटपुटत बसले.

"येतील हो, थांबा जरा."

"काहून थांबायचं?" गीताबाई उसळल्या. "लेकरांच्या शाळेत चिखल, अन् तुम्ही भाषण घोकून राहिले!"

पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून त्या तडक शाळेत गेल्या. भाषा येत नव्हती, पण बादल्या हातोहात देणाऱ्यांच्या रांगेत जागा दिसली, तिथं उभ्या राहिल्या. फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात जड पातेली उचललेले हात ते, थकतात कशाला! थोड्या वेळानं बाबारावही कोट काढून आले.

दुपारी नगराध्यक्ष बाईंनी चिखलाचे हात पुसत दुभाष्या मुलीकरवी विचारलं, "तुम्ही काय मागायला आला होता? आता सांगा, सगळं गाव इथंच आहे."

बाबारावांनी घसा खाकरला. गीताबाईंनी त्यांच्या हातात रिकामी बादली दिली.

"सांगू नं," त्या म्हणाल्या, "पण अजून मागची खोली राहिली आहे."