हिंचक्याच्या साखळ्यांना घातलेले तेल

हिंचक्याला तेल मी घातले होते. एवढे एक वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो, तर माझ्या वहिनीचे एक वर्ष वाया गेले नसते आणि माझ्या वडिलांवर चोरपावलांनी चालल्याचा आळ आला नसता. मी बोललो नाही. नंतर बोलू, असे म्हणत राहिलो, आणि माझे केस पिकले.

तेव्हा मी बडोद्यात महाराज सरकारांच्या कृपेने यंत्रकाम शिकत होतो. आमच्या मास्तरांचा साखळीवर फार जीव. ते सांगत, साखळीला जगात दोनच कामे: भार धरणे आणि गती पोचवणे. यारीची साखळी लोखंडाचे ओझे उचलून धरते, सायकलची साखळी पायातला जोर चाकाला नेऊन देते. मी विचारले, "आणि दाराची साखळी?" मास्तर छताकडे बघत म्हणाले, "तीही भारच धरते. चोराचा." कोरडी साखळी स्वतःलाच खाते, हेही त्यांचेच. हे मी इतके मनावर घेतले, की रावपुऱ्यातल्या आमच्या घरातली कोणतीही साखळी माझ्यापासून सुरक्षित राहिली नाही.

सुरुवात दादाच्या सायकलीपासून झाली. साखळी दात कशी धरते ते बघायला मी तिच्यावरचा पत्रा काढला आणि परत लावायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना दादाच्या धोतराचा सोगा साखळीने भर रस्त्यात गिळला. समोरचा कापडवाला कात्री घेऊन धावत आला आणि मोठ्या गंभीरपणे त्याने विचारले, "बोलो साहेब, धोतियुं बचावुं के सायकल?" दादाने सायकल वाचवली. घरी तो कसा आला हे त्याने कधी सांगितले नाही.

त्या संध्याकाळी वडील मला म्हणाले, "या घरातल्या आणखी एका साखळीला हात लावलास, तर शाळेतून नाव काढीन आणि पागेत घोड्यांना खरारा करायला पाठवीन." वडील स्वतः पागेतून निवृत्त झालेले. ते बोलत ते करत.

वडिलांचीही एक साखळी होती, चांदीची, घड्याळाची. कोटाच्या बटणापासून खिशापर्यंत ती झोकदार लोंबत असे. तिच्या टोकाला घड्याळ नव्हते. ते फार पूर्वी विहिरीत वाकून बघताना कडीतून निसटून पडले, साखळी तेवढी हातात राहिली. तरी वडील रोज ती साखळी खिशाच्या काठापर्यंत ओढत, तळहाताच्या आडोशाला क्षणभर बघत आणि म्हणत, "पावणेबारा." वेळ बहुधा बरोबर निघे, कारण टॉवरच्या घड्याळाच्या टोल्यांवर त्यांचे लक्ष असे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यावर कोणी कधी अक्षर काढले नव्हते.

आता हिंचका, म्हणजे झोपाळा. बडोद्यात घर म्हटले की हिंचका आलाच. आमचा बाहेरच्या खोलीत होता. पितळी साखळ्या, मधल्या कड्यांना छोटे हत्ती, आणि वर तुळईत लोखंडी आकडे. जेवण झाले की वडील त्यावर बसत, आणि आकडे करकरू लागत. जाताना कर्र, येताना किच्च. आतल्या खोलीत आई आणि वहिनी मागाहून जेवायला बसत. करकर चालू असेपर्यंत दोघींचे राज्य. हसणे, शेजारच्या बातम्या, थोडी टवाळी, सगळे त्या आवाजाच्या आडोशाने चाले. करकर थांबली की वहिनीचा पदर डोक्यावर आणि आईचा चेहरा सरळ. मग वडील पाणी प्यायला आत येत. हे मी लहानपणापासून बघत होतो आणि मला ते कधीच दिसले नव्हते. मला फक्त कोरडी साखळी दिसली.

धमकी आठवत होती. म्हणून वडील देवळात गेल्याचे पाहून मी स्टुलावर चढलो आणि फळीवरची एरंडेलाची बाटली आकड्यांवर रिकामी केली. रविवारी सकाळी आई आम्हांला तेच पाजत असे, त्यामुळे एका कामात दोन कामे झाली, असेही वाटले.

त्याच दिवशी वहिनी खुशीत होती. महाराजांनी बायकांना मास्तरीण होण्यासाठी वर्ग काढला होता, तिथे जायची तिची फार इच्छा होती. दादा तयार होता, पण वडिलांच्या होकाराशिवाय घरात पान हलत नसे. आदल्या रात्री ते म्हणाले होते, "बघू, उद्या सांगतो," आणि आमच्याकडे त्याचा अर्थ होकारच होता.

दुपारी वडील हिंचक्यावर बसले. साखळ्या हलल्या आणि आवाज झाला नाही. मी ओटीवर पुस्तक धरून बसलो होतो. मनातून मास्तरांची शाबासकी ऐकत होतो. आत वहिनीने मात्र करकर सुरूच झाली नाही म्हणजे वडील बाहेर गेले असे समजून कमरेचा चाव्यांचा छल्ला काढला.

"आत्याबाई, आज मामंजी मला काय सांगणार, बघा हं," ती आईला म्हणाली. तिने छल्ल्याची साखळी पोटाजवळ ओढली, तळहाताचा आडोसा केला, भुवया चढवल्या आणि वडिलांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सूनबाई, पावणेबारा. वर्गाला जा. विहिरीत मात्र वाकू नकोस."

आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. आणि दारात वडील उभे होते, हातात पाण्याचा रिकामा तांब्या.

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी आईकडे पाहिले, तांब्या खाली ठेवला आणि ते परत गेले. संध्याकाळी दादाने वर्गाचे विचारले तेव्हा म्हणाले, "घरात बरेच शिक्षण झालेले दिसते. बाहेरचे राहू दे." त्या दिवसापासून त्यांच्या कोटावर ती साखळी दिसली नाही.

रात्री वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, मामंजींनी हिंचका हाताने धरून ठेवला असणार. मला पकडायला. असे करतील असे वाटले नव्हते हो."

मी म्हणालो, "हं."

ते 'हं' मला अजून ऐकू येते. शाळेतून नाव जाईल, पागेतले घोडे दिसू लागतील, एवढ्याच भीतीने मी तोंड मिटले. प्रायश्चित्त म्हणून मी आकड्यांना राख चोळली, चिंच लावली, तेल निघेपर्यंत घासले. पंधरवड्यात करकर परत आली, थोड्या वेगळ्या सुरात. वडील म्हणाले, "हिंचक्याला जरा पडसे झाले होते, नाही?" त्यांनाही त्या आवाजाशिवाय डुलकी लागत नव्हती, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या वर्षी वहिनी वर्गाला गेली. आईने ते कसे जमवले ते तिचे तिला माहीत. वहिनी मास्तरीण झाली, मग मुलींच्या शाळेची मुख्य झाली, आणि तिच्याबरोबर ती गोष्टही मोठी होत गेली. दरवर्षी दिवाळीत ती मुलांना, पुढे नातवंडांना सांगे: मामंजी कसे हिंचका धरून, श्वास रोखून, मांजरासारखे आले. सगळे लोळून हसत. मीही हसायचो. वडील गेल्यावरही ती गोष्ट तशीच राहिली, मांजरासकट.

यंदा पाडव्याला तिने ती पुन्हा सांगितली. मुले फटाके उडवायला बाहेर पळाली आणि हिंचक्यावर आम्ही दोघेच उरलो. वर आकडे करकरत होते. मास्तर आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितले असते, की साखळीला तिसरेही काम असते: कोणी जागे आहे, हे दुसऱ्याला कळवण्याचे.

"वहिनी," मी म्हणालो, "बाबांनी हिंचका धरला नव्हता. आकड्यांना तेल घातलेले होते. ते नेहमीसारखे पाणी प्यायला आले होते."

तिने पायाने हिंचका थांबवला. "तेल? कोणी घातले?"

"एरंडेल. मी."

"तरीच," ती म्हणाली, "त्या रविवारी बाटली रिकामी होती आणि आत्याबाईंनी माझ्यावर संशय घेतला." तिला हसू आले, आणि मग हसू गेले. "भाऊजी, मी त्यांना इतकी वर्षे मांजर म्हणत आले. आणि त्यांनी ती साखळी काढून ठेवली."

"वहिनी, चुकलो मी," मी म्हणालो. "तुमचे वर्ष माझ्या भित्रेपणाने गेले, बाबांच्या नावाला डाग माझ्या 'हं'ने लागला. आता मुलांना परत आत बोलवा. ही गोष्ट आज मी सांगतो, आणि तुमची आणि बाबांची क्षमा त्यांच्यासमोर मागतो."